ऑपरेटरच्या माथी मारलेलं तापमान

हात बसलेला ऑपरेटर असला की टेम्परेचर कंट्रोलरवर पैसे घालायचं कारण नाही, असं प्लास्टिक मोल्डिंगच्या धंद्यात केस पांढरे झालेले मालक आजही छातीठोकपणे सांगतात. त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण हे म्हणणं चूक आहे, आणि चूक फक्त तांत्रिक असती तर त्यावर एवढं लिहायला मी बसलो नसतो. हे म्हणणं रोज कुणाच्या तरी पगाराला कात्री लावतं. माल जळाला, भाग अर्धवट भरला, माल शिरतो त्या गेटपाशी प्लास्टिकची तार सुटली, की बोट ऑपरेटरकडे वळतं. सगळं त्याच्या हातावर आहे, असं आधीच ठरलेलं असतं ना!

नायगाव क्रॉस रोडवरचं वडाळा उद्योग भवन, रॉयल इंडस्ट्रियल इस्टेट, अंबेकर मार्गाच्या बाजूची श्रीराम इंडस्ट्रियल इस्टेट: मुंबई शहराच्या या भागात कारखानदारी म्हणून जे काही उरलं आहे, ते बरंचसं अशा मजल्यामजल्यांवरच्या गाळ्यांत उरलं आहे. जागा तुटपुंजी, मालाची लिफ्ट सगळ्यांची मिळून एक, आणि काम बहुतेक जॉब वर्कचं. मोल्ड कंपनीचा, दाणा कंपनीचा, मशीन आणि माणसं गाळेवाल्याची. माझं बोलणं अशा गाळेवाल्याशी आहे आणि त्याला काम देणाऱ्या कंपनीशीही आहे.

वाद नेमका कुठे आहे ते आधी सांगतो. मशीनच्या बॅरलवर तीन-चार झोन असतात, त्यांचे कंट्रोलर मशीनच्या पॅनेलमध्येच बसवून येतात. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. प्रश्न येतो मोल्ड हॉट रनरचा असतो तेव्हा. साध्या मोल्डमध्ये दर शॉटबरोबर माल आत नेणाऱ्या वाटेतला रनरही गोठून बाहेर पडतो, तो ग्राइंडरमध्ये टाकायचा आणि पुन्हा दाण्यात मिसळायचा. हॉट रनरमध्ये मोल्डच्या पोटातच तापता मॅनिफोल्ड असतो आणि प्रत्येक कॅव्हिटीच्या, म्हणजे भाग घडतो त्या पोकळीच्या, तोंडाशी एक छोटं तापतं नोझल. रनर गोठतच नाही, माल वाया जात नाही. पण आठ कॅव्हिटींचा मोल्ड म्हणजे आठ नोझलं, वर मॅनिफोल्डचे एक-दोन झोन, आणि प्रत्येकाला वेगळा हीटर, तापमान मोजणारं वेगळं थर्मोकपल. मॉड्युलर कंट्रोलर ही या झोनांसाठी केलेली खाचांची चौकट आहे. एका खाचेत एक कार्ड, एका कार्डाकडे एक झोन. रूढ कार्ड 15 अँपिअरचं असतं, म्हणजे 240 व्होल्टवर 3600 वॅटपर्यंतचा हीटर ते पेलतं. आज पाच झोन हवेत तर पाच कार्डं घ्या, उद्या आठ लागले तर आणखी तीन खोचा.

याच्या जागी पुष्कळ ठिकाणी टक्केवारीची नॉब बसवलेली असते. चाळीसवर ठेवा, पन्नासवर ठेवा. मागे थर्मोकपल नाही, त्यामुळे नोझल खरोखर किती तापलं आहे हे त्या नॉबला कळत नाही. ती फक्त ठरावीक प्रमाणात वीज सोडत राहते. आता पुरवठा 230 व्होल्टवरून 215 वर आला असं धरा. व्होल्टेज साडेसहा टक्क्यांनी उतरलं, पण हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती सुमारे साडेबारा टक्क्यांनी घटली. नॉब मात्र चाळीसवरच. शेजारच्या गाळ्यातलं मोठं मशीन सुरू झालं, गच्चीवरच्या टाकीतलं थंड करणारं पाणी दुपारी कोमट झालं, मागचं शटर उघडं राहून वारा आत आला, या प्रत्येक कारणाने नोझलचं तापमान सरकतं आणि नॉब काहीच करत नाही. करायचं ते ऑपरेटरने.

त्याने ते कशावरून करायचं? त्याला दिसतो तो बाहेर पडलेला भाग. नोझलच्या टोकाशी उष्णता कमी झाल्याची खूण भागावर उमटते तोवर काही शॉट गेलेले असतात. तो नॉब वाढवतो. वाढलेली उष्णता टोकापर्यंत पोचून भाग सुधारायला आणखी काही शॉट जातात, आणि तेवढ्यात धीर सुटून त्याने नॉब पुन्हा वाढवलेली असते. मग माल पिवळा पडू लागतो, मग नॉब उलटी. आठही नोझलांवर एकाच वेळी हे चालू आहे, एक माणूस आहे आणि रात्रपाळीचे तीन वाजले आहेत. नायलॉन 66 सुमारे 260 अंशांना वितळतं. टोकाशी त्याच्या थोडं खाली आलं की ते गोठून नोझलच बंद होतं, आणि 300 च्या पलीकडे गेलं की त्याची ताकद जाते. इतक्या अरुंद पट्ट्यात आठ नोझलं डोळ्यांच्या अंदाजाने धरून ठेवणं माणसाकडून होणारं काम नाही. जो करून दाखवतो असं म्हणतात, त्याच्या मशीनखालचं रिजेक्शनचं पिंप एकदा पाहावं.

मुरलेल्या हाताचा मान राखायचा तर कंट्रोलर नको, असं सांगणाऱ्यांना मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. आज प्रत्येक कार्डात जी पीआयडी पद्धत चालते, तिचं गणित 1922 साली निकोलस मिनोर्स्की या रशियातून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने मांडलं. विषय होता जहाजाचं सुकाणू आपोआप चालवण्याचा, आणि मिनोर्स्कीने आधार घेतला तो कसलेल्या सुकाणूवाल्याच्या वागण्याचा. चांगला सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटलं एवढंच पाहत नाही. ते किती वेळ भरकटत राहिलं आहे आणि आता किती वेगाने वळतं आहे, हेही धरून तो चाक फिरवतो, आणि जहाज रेषेवर येण्याआधीच हात सैल सोडतो. ही तिन्ही कामं गणितात बसवली ती पीआयडी. पुढे 1942 मध्ये झीगलर आणि निकोल्स या अभियंत्यांनी तिची सेटिंग कशी लावायची याचे नियम दिले. म्हणजे कार्डात जे शहाणपण भरलं आहे ते मुळात कसलेल्या हाताचंच आहे. ते आठ ठिकाणी एकाच वेळी, सेकंदाला कित्येकदा वापरता यावं म्हणून यंत्रात घातलं. यात ऑपरेटरचा अपमान कुठे आला? उलट त्याचा हात मोकळा होतो. दाणा नीट सुकला आहे का, स्क्रूचा आवाज बदलला आहे का, पार्टिंग लाइनवर फ्लॅश येऊ लागला आहे का, इजेक्टर अडतो आहे का, हे ओळखणं कोणत्याही कार्डाला जमत नाही. ते त्यालाच जमतं, आणि नॉबांच्या मागे धावताना नेमकं तेच राहून जातं.

थर्मोकपलच्या जोडणीकडे तर कुणी फारसं बघतच नाही. हॉट रनरमध्ये बहुतेक ठिकाणी ‘जे’ टाइपचं थर्मोकपल असतं, एक तार लोखंडाची आणि दुसरी कॉन्स्टंटनची. अमेरिकी पद्धतीत त्याची पांढरी तार धन आणि लाल तार ऋण. आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत काळी धन आणि पांढरी ऋण. एकाच पांढऱ्या रंगाचे दोन उलटे अर्थ, आणि आपल्याकडच्या गाळ्यात एक मोल्ड अमेरिकेहून जुना आलेला, दुसरा युरोपच्या घडणीचा, तिसरा चीनमधून. त्यात आपला इलेक्ट्रिशियन लाल म्हणजे फेज या सवयीत वाढलेला. लाल तार तो धन बाजूलाच लावणार, त्याला दोष देता येत नाही. तार उलटी लागली की झोन जसा तापतो तसा कंट्रोलरला आकडा उतरताना दिसतो. साधा कंट्रोलर आणखी वीज देतो, झोन आणखी तापतो, आणि शेवटी हीटर जातो किंवा नोझलमधला माल कोळसा होतो. चांगल्या मॉड्युलर कार्डाला ही उलटी जोडणी ओळखता येते. ते झोन बंद करतं आणि दर्शनी पट्टीवर नेमका तोच दोष दाखवतं. थर्मोकपल तुटलं असेल तर तेही वेगळं दाखवतं. मोल्ड बंद करताना तार मध्येच चिमटली गेली, तर त्या चिमटलेल्या थंड जागेचं तापमान वाचलं जातं आणि टोक मात्र भडकत राहतं. वीज जाते आहे पण आकडा वर सरकत नाही, हे पाहून चांगलं कार्ड तिथेही थांबतं. या तिन्ही वेळा हात बसलेला ऑपरेटर काय करणार होता? जळका वास येईपर्यंत त्याला पत्ताही लागला नसता. आणि वास आल्यावर त्यालाच विचारलं असतं, लक्ष कुठे होतं?

वडाळ्यासारख्या ठिकाणी याला पावसाळ्याची जोड मिळते. हीटरच्या आत, तापणारी तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. ती उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते, म्हणून ती वापरतात. पण ती हवेतला ओलावा शोषते. खाडी आणि बंदर बाजूलाच, 1930 च्या सत्याग्रहात लोक ज्या मिठागरांवर चालून गेले ती वडाळ्याचीच, आणि जुलैतली इथली हवा काय असते हे वेगळं सांगायला नको. गणपतीची सुट्टी संपवून गाळा उघडतो, चार-पाच दिवस थंड पडलेल्या मोल्डमधल्या हीटरांनी पोटभर ओल घेतलेली असते, आणि मेन स्विच टाकल्याबरोबर पूर्ण व्होल्टेज त्यांच्यावर जातं. ओल्या भुकटीतून वीज गळते, ही गळती ओळखून पुरवठा तोडणारा ईएलसीबी पडतो, नाहीतर हीटर फुटतो.

मॉड्युलर कार्डात यासाठी सॉफ्ट स्टार्ट असतो. सुरुवातीला ते थोडी थोडी वीज सोडतं, हीटर शंभर अंशांच्या वर जाऊन ओल वाफ होऊन निघेपर्यंत थांबतं, आणि मगच पूर्ण ताकद देतं. नॉबवाल्या गाळ्यात याऐवजी जे होतं ते मला सहन होत नाही. ईएलसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास केला जातो. ओल्या फरशीवर, धातूच्या मशीनला हात लावून बारा तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या आणि मृत्यूच्या मध्ये जे एकच साधन होतं, ते दोन तारा जोडून बाजूला काढलं जातं. वर पुन्हा तोच दाखला दिला जातो: आमचे लोक अनुभवी आहेत, त्यांना कळतं. विजेचा धक्का अनुभव विचारून बसत नाही. ज्याने तो बायपास मारला किंवा मारायला सांगितला, त्याने पैसे वाचवले असं कृपा करून म्हणू नका.

जळक्या मालाच्या वासाचंही तेच. अ‍ॅसिटल म्हणजे पीओएम हे गिअर, क्लिप, झिपचे भाग यांसाठी वापरलं जाणारं प्लास्टिक साधारण 190 ते 210 अंशांत चालवायचं. 230 च्या वर जाऊन ते रेंगाळलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड निघतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. पीव्हीसी भडकलं तर हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो फुप्फुसालाही जाळतो आणि मोल्डच्या पोलादालाही खातो. मजल्यावरच्या गाळ्यात एक खिडकी आणि एक एक्झॉस्ट फॅन असतो, तोही कधी बंद. अशा ठिकाणी नोझलचं तापमान नेमकं किती आहे हे कळणं ही मालाच्या दर्जाच्या आधी आत काम करणाऱ्याच्या छातीची बाब आहे. कारखाने निरीक्षकाने गाळ्यात आल्यावर आग विझवायचं सिलिंडर तपासावं, तसं हेही तपासावं असं माझं मत आहे.

परवडत नाही, ही तक्रार मी हलकी मानत नाही. गाळ्याचं भाडं, कर्जाचा हप्ता, तीन-तीन महिने अडकलेली बिलं, हे सगळं खरं आहे. तरीही हिशेब करून पाहा. आठ कॅव्हिटींचा मोल्ड, 20 सेकंदांची सायकल धरू. तासाला 180 शॉट, 1440 भाग. एक नोझल गोठलं, मशीन थांबवून ते मोकळं करायला वेळ नाही म्हणून सात कॅव्हिटींवरच काम रेटलं. तासाला 180 भाग गेले, आठ तासांच्या पाळीत 1440. म्हणजे पाळीतला पूर्ण एक तास मशीन फुकट चाललं, वीज आणि मजुरी मोजून. अशा पाळ्या महिन्यात किती होतात हे मालकाने स्वतःच्या वहीतून काढावं आणि एका कार्डाच्या किमतीशेजारी लिहावं. त्यात जळालेले हीटर, मोल्ड उघडून नोझल साफ करण्यात गेलेले दिवस आणि उशिरा माल दिल्याबद्दल कापले गेलेले पैसे अजून धरलेलेच नाहीत.

छोट्या माणसाला मॉड्युलरच का, याचं कारण इथे आहे. मोठ्या कंपनीकडे देखभालीचा विभाग असतो, दुसरं मशीन असतं, थांबायची ऐपत असते. गाळ्यात एकच मशीन आणि उद्याची डिलिव्हरी. कार्ड बिघडलं तर ते ओढून काढायचं, शेजारच्या जास्तीच्या खाचेतलं सुटं कार्ड खोचायचं, सेटिंग टाकायचं, काम पुढे. कार्डाचे फ्यूज बदलण्यासारखे असतात, वीज चालू-बंद करणारा ट्रायॅक लॅमिंग्टन रोडला मिळतो, थर्मोकपलची वायर आणि चिनी मातीचे कनेक्टर लोहार चाळीत. अमेरिकेच्या डीएमई कंपनीने रूढ केलेला कार्डाचा आकार इतर अनेक उत्पादकांनी उचलला, त्यामुळे त्या घडणीची चौकट असेल तर एकाच कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. याउलट सगळे झोन एकाच बोर्डावर बसवलेली आणि समोर मोठा टचस्क्रीन असलेली पेटी पुष्कळ विक्रेते गाळेवाल्याच्या गळ्यात मारतात. बोर्ड गेला की आठही झोन गेले, आणि इंजिनिअर येईपर्यंत मशीनला कुलूप. अठ्ठेचाळीस किंवा शहाण्णव झोनांच्या मोल्डला अशी पेटी योग्य आहे, तिथे दर झोनामागे मॉड्युलर महाग पडतो आणि एकेक कार्ड हाताने सेट करणं वेडेपणाचं होईल. मॉड्युलरच्या स्वतःच्याही खोडी आहेत. खाचेतला संपर्क ढिला झाला तर तिथे ठिणगी पडून कनेक्टर जळतो, आणि बाजारात त्या आकाराची निकृष्ट कार्डंही भरपूर आहेत, ज्यांत चिमटलेलं थर्मोकपल ओळखण्याची सोय छापील पत्रकातच असते. पण आठ-दहा झोनांच्या कामाला, एका मशीनच्या गाळ्याला, यापेक्षा सोयीचं दुसरं काही मला दिसत नाही.

आता वडाळ्यात असलं बारीक काम करायचंच कशाला, वसई-भिवंडीला जा, असंही सांगितलं जातं. हे सांगणाऱ्यांना इथल्या जमिनीचा भाव दिसतो, तिथे टॉवरच शोभेल असं वाटतं. त्यांना एवढंच सांगतो की बारकाईचं काम या भागाला नवं नाही. नायगाव-वडाळ्याच्या हद्दीवर बॉम्बे डाइंगची स्प्रिंग मिल होती, तिच्या जागी आता उंच इमारती आहेत. कापड गिरणीच्या कताई खात्यात हवेतला दमटपणा मोजून राखावा लागे, कारण हवा कोरडी झाली की सूत तुटतं. ओलावा देणारी यंत्रणा ही चैन आहे, जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, अंदाजाने भागवावं, असं कुणा गिरणीमालकाने म्हटल्याचं मी ऐकलं नाही. सूत तुटलं तर नुकसान आपलं आहे हे गिरणीमालकाला कळत होतं. जॉब वर्कमध्ये ही जबाबदारी निसटली आहे, कारण मोल्डचा मालक एक, मशीनचा मालक दुसरा आणि दंड भरणारा तिसरा.

म्हणून माझं भांडण गाळेवाल्यापेक्षा काम देणाऱ्या कंपनीशी जास्त आहे. भागाच्या मापात शतांश मिलिमीटरची सूट मोजणारी कंपनी लाखोंचा हॉट रनर मोल्ड टेम्पोतून पाठवते आणि त्याबरोबर झोनांचा नकाशाही पाठवत नाही. कोणत्या पिनवर कोणता हीटर, तो किती वॅटचा, थर्मोकपल ‘जे’ टाइपचं की ‘के’, तारांचे रंग कोणत्या पद्धतीचे, हे गाळ्यातल्या माणसाने मीटर लावून शोधायचं. तीन क्रमांकाच्या झोनचं थर्मोकपल चारला आणि चारचं तीनला लागलं, तर एक झोन गोठतो, दुसरा जळतो, आणि दोन्ही हीटर चांगले असूनही दिवसभर दोष सापडत नाही. माटुंग्याला व्हीजेटीआय आहे, केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे, लोअर परळला आयटीआय आहे. तिथल्या मुलांनी महिनाभर बसून दहा गाळ्यांतले मोल्ड तपासले तरी असे तक्ते तयार होतील. पण ते काम मुळात मोल्ड बनवून घेणाऱ्याचं आहे. मोल्डच्या अंगावर रिव्हेट मारून धातूची पट्टी लावा, तिच्यावर झोनांचा नकाशा कोरा. हॉट रनर मोल्ड देताना त्याच्या झोनांइतकी कार्डं आणि एक सुटं कार्ड सोबत द्या, आणि ते मोल्डच्या किमतीत धरा. गाळेवाल्यांनी यापुढे हे लिहून घेतल्याशिवाय हॉट रनरचं काम उचलू नये. आणि ज्या पाळीत नोझलचं तापमान कुठेच नोंदलेलं नाही, त्या पाळीतल्या रिजेक्शनचा एक रुपयाही ऑपरेटरच्या पगारातून कापू नये.